जुना ट्रॅक्टर बघतोय: नोंदी, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ठरलं एकदाचं. यंदा मोठा ट्रॅक्टर घ्यायचाच, पण जुना. आपल्याकडे मिनी आहे २०१६ चा, द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरला तो बास आहे, नऊ फुटी ओळीत आरामात फिरतो, मांडवाच्या तारेला कुठं लागत नाही. पण बाहेरच्या वावरात रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) मारायचा म्हटलं की त्याचा जीव जातो आणि टोमॅटो नाहीतर कांद्याची ट्रॉली पिंपळगावला न्यायची म्हटलं की दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. मागच्या वर्षी नुसत्या रोटर अन ट्रॉलीच्या भाड्याचे ४७ हजार गेले, वहीत लिहिलेलं होतं म्हणून कळलं. आणि पैशाचं एक वेळ सोडा, छाटणीच्या तोंडावर सगळ्या दिंडोरी तालुक्याला एकाच आठवड्यात ट्रॅक्टर पाहिजे असतो, मग भाडेवाला "उद्या येतो भाऊ" म्हणतो आणि तो उद्या काही येत नाही.

आण्णा म्हणतात नवा घे, कर्ज काढ. पण यंदा मे पासून जो पाऊस लागलाय तो उघडायचं नाव घेत नाही, काडीला ऊन मिळालं नाही, घड किती निघतील ते छाटणी झाल्यावरच कळणार, अशा वर्षी हप्ता लावून घ्यायची माझी छाती नाही.

काय पाहिजे ते लिहून ठेवतो म्हणजे तिथं जाऊन भुलायला नको. ३५ ते ४० एचपी, तीन सिलिंडर, साधा पंप. म्हणजे स्वराज ७३५, महिंद्रा २७५, मॅसी १०३५ या लायनीतलं काहीतरी, याचे पार्ट कुठंही मिळतात आणि मिस्तरी कुठलाही चालतो. बजेट ३ लाख, दुरुस्ती धरून. कागद नाशिकचे, एमएच १५, बाहेरच्या जिल्ह्याचं झंगट नको.

२२ ऑगस्ट, पोळा

काम काही नाही. बैल विकून तीन वर्षं झाली, दारात मिनीलाच हार घातला, आजीनं त्याच्या बोनेटला पुरणपोळी दाखवली आणि म्हणाली याला शिंगं नाहीत रंग कुठं लावू.

संध्याकाळी मामांचा फोन, ओझरच्या अलीकडं हायवेला एका आवारात पाच-सहा जुने ट्रॅक्टर उभे आहेत, फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेले पण आहेत त्यात. रविवारी जातो.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिला ट्रॅक्टर बघितला. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बघितलेल्या ट्रॅक्टरांचं पुढं जे काय लिहीन त्यात दोष वापरणाऱ्याचा आहे, उगाच आपल्याकडं यावरून भाऊबंदकीसारखी भांडणं होतात.)

२०१५ मॉडेल, ३९ एचपी, मागणी ३ लाख ४०. लांबून बघितला तर शोरूममधून काढल्यासारखा. नवीन रंग, नवीन स्टिकर, सीट नवी, टायरला काळं पॉलिश. मला खरं सांगायचं तर आवडला होता, फोटो काढून बायकोला पाठवला पण.

मग बोनेटवर हात ठेवला. गरम. मी फोन करून दहाला येतो सांगितलं होतं आणि मी पोचायच्या आधीच यांनी पंधरा-वीस मिनिटं चालवून ठेवलेला. विचारलं तर म्हणे आत्ताच जागा बदलली. असेल पण. गरम इंजिन कुठलंही एका सेल्फमध्ये उठतं, त्यात ट्रॅक्टरचं कौतुक काय.

तरी बघितला. ब्रेकच्या पायडलचा रबर नवा, क्लचचा पण नवा. तासांचा मीटर १,९०० दाखवतोय. दहा वर्षात १,९०० तास म्हणजे वर्षाला १९० तास, म्हणजे हौसेनं ठेवलेला ट्रॅक्टर, मग त्याचे पायडल रबर कशाला बदलावे लागले? खाली वाकून मागचे दोन्ही हात बघितले, जिथं रोटरची पिन बसते तो गोळा, तो इतका झिजलेला की पिन आत घातली तर वाटीत चमचा हलावा तशी हलत होती. ड्रॉबारची भोकं पण गोल राहिली नव्हती, लांबट झालेली. तिथं रंग मारलेला होता पण भोकाच्या आत रंग जाऊन भोक लहान होत नाही ना.

इंजिन आणि क्लच हाउसिंग जिथं जोडलेलं असतं तिथं लाल सिलिकॉन बाहेर आलेलं दिसलं, म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडून परत जोडलाय. त्यात वाईट काही नाही, क्लच प्लेट बदलायची तर फोडावाच लागतो, पण मालक म्हणतो "पाना लागलेला नाही भाऊ याला". एवढं एक वाक्य बोलला नसता तर मी अजून अर्धा तास थांबलो असतो.

सोडला. येताना ठरवलं, यापुढं वेळ सांगून जायचंच नाही आणि मिस्तरीशिवाय जायचं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री टीव्हीवर जीएसटीची बातमी. ट्रॅक्टरवर १२ चा ५ टक्के होणार, २२ सप्टेंबरपासून म्हणजे घटस्थापनेपासून. सकाळी आण्णांनी पेपर पुढं ठेवला आणि काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं.

हिशेब केला. साडेसहा लाखाचा नवा असेल तर त्यात आत्ता १२ टक्के धरलेले, मूळ किंमत ५ लाख ८० च्या आसपास, त्यावर ५ टक्के म्हणजे ६ लाख ९ हजार. ४० हजार वाचतात. वाईट नाही, पण ४० हजार वाचवायला ६ लाख घालायचे हा हिशेब मला पटत नाही. उलट आपल्याला याचा फायदा असा की नव्याची किंमत उतरली की जुन्याची आपोआप खाली सरकायला पाहिजे. आवारवाले हे अजून मान्य करणार नाहीत, पण कांद्याला भाव नाही, पितृपक्ष तोंडावर आलाय, गिऱ्हाईक कुठंय?

७ सप्टेंबर, रविवार

दुसरा ट्रॅक्टर, निफाडकडं गोदाकाठच्या गावात. २०१३ मॉडेल, मागणी २ लाख ७५. बरोबर मिस्तरी. आमचे मिस्तरी बोलायला कमी आणि बिडी ओढायला जास्त, पण ट्रॅक्टरच्या भोवती एक चक्कर मारून ते जिथं थांबतात तिथं काहीतरी असतंच.

न सांगता सकाळी सातला पोचलो. इंजिन गार. एका सेल्फमध्ये उठलं, पांढरा धूर थोडा, दोन मिनिटात गेला. निळा नाही. आवाज एकदम गोल. मी खुश. मिस्तरी मागं जाऊन उकिडवे बसलेले, तिथून उठेनात.

ट्रॉलीच्या हुकाच्या वर, जिथं ब्रॅकेट मागच्या हाउसिंगला बोल्टनं बसतं तिथं वेल्डिंग. एक नाही, वेल्डिंगवर वेल्डिंग. ओतीव लोखंडाला वेल्डिंग मारलं की शेजारी परत चीर जाते आणि तशी ती गेलेली होती, केसासारखी, तिच्यात ऑइल पाझरून धूळ बसली होती म्हणूनच दिसली. मिस्तरींनी नखानं धूळ काढली, बोटाला लागलेलं ऑइल मला दाखवलं आणि मालकाला विचारलं, "वाळू का ऊस?"

मालक हसला. म्हणे दोन्ही.

म्हणजे डबल ट्रॉली नाहीतर नदीतनं भरलेली ट्रॉली ओढून ओढून मागचा सगळा भाग खिळखिळा. डिफरेन्शियलचा आवाज पण येत होता, टॉप गिअरमध्ये सोडून दिला की घुंss असा, रेस दिली की बंद. क्राऊन पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधले गिअर. ते काम निघालं की नुसत्या पार्टची यादीच घाम फोडते. इंजिन कितीही गोड असू दे, इंजिनाचं काम एक वेळ परवडतं कारण पिस्टन लायनरचं किट मिळतं आणि चार दिवसात मिस्तरी देतो बांधून, पण मागची गिअरची पेटी उघडली की त्यातून काय काय निघेल ते कोणीच सांगत नाही.

आणि वाळूचा ट्रॅक्टर म्हटल्यावर अजून एक भानगड, महसूलवाल्यांनी कधी धरलेला असेल, दंड राहिलेला असेल तर तो ट्रॅक्टरच्या मागं लागतो. नको.

परत येताना मिस्तरींना म्हटलं इंजिन चांगलं होतं हो. ते म्हणाले, "इंजिनचीच गाडी लावा मग, मागचं राहू द्या."

आज रात्री ग्रहण आहे, उद्यापासून पितृपक्ष.

१० सप्टेंबर, बुधवार

तिसऱ्याचा पत्ता मिळाला. चांदवड तालुक्यात, मामांच्या साडूंच्या ओळखीनं. २०१४ चा, पहिलाच मालक, वय झालंय, पोरगा सातपूरला कंपनीत, शेती वाट्यानं दिली. मागणी ३ लाख १०.

या वेळेला आधी कागद बघायचे ठरवलं. नंबर मागून घेतला, एमपरिवहन ॲपवर टाकला. नोंदणी मे २०१४, ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची म्हणजे मे २०२९ पर्यंत. विमा संपलेला, गेल्या वर्षीच. आणि बँकेचा बोजा अजून आरसीवर आहे!

मालक काकांना फोन केला तर म्हणे कर्ज २०१९ ला फेडलं, बँकेनं दाखला पण दिलाय. हे आपल्याकडं घरोघरी आहे, कर्ज फिटतं पण आरसीवरून बोजा उतरवायला कोणी आरटीओत जात नाही. तो उतरल्याशिवाय आपल्या नावावर होणार नाही. बँकेची एनओसी आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, तो त्यांनीच आणायचा असं स्पष्ट सांगितलं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात काय आहे ते पण बघायला सांगितलं, जमिनीवर घेतलेलं कर्ज असेल तर ते तिथं दिसतं. काका चिडले नाहीत, "लिहून घेतो" म्हणाले. हे मला आवडलं.

१४ सप्टेंबर, रविवार

ही नोंद लांबणार आहे.

पहाटे साडेचारला निघालो, मी, मिस्तरी आणि चुलतभाऊ. पिंपळगावला टपरीवर चहा, बाहेर भुरभुर पाऊस. साडेसहाला वस्तीवर. ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये, चाकाला चिखल, बोनेटवर कोंबडीची शिट, मडगार्डवर कांद्याच्या पाकळ्या चिकटलेल्या. धुतलेला पण नाही. चुलतभावाचं तोंड वाकडं झालं. मिस्तरींचं उजळलं.

हेडला हात लावला, बर्फ. शेडखाली जमीन बघितली, जिथं ट्रॅक्टर रोज उभा राहतो तिथं मातीवर एक काळा डाग, पुढच्या बाजूला, वाटीएवढा. इंजिनच्या पुढच्या सीलमधून थेंब थेंब. बाकी जमीन कोरडी. (ट्रॅक्टर बघायचा तर त्याच्या नेहमीच्या जागेवर बघावा, आवारात नेऊन उभा केला की हा डाग मागंच राहतो.)

रेडिएटरचं टोपण उघडलं, पाणी हिरवट, वर तेलाचा तवंग नाही. ऑइलची काठी ओढली, ऑइल काळं पण दुधाळ नाही, लेव्हल खुणेच्या आत. लेव्हल जास्त असती तर डिझेल उतरतंय का ते बघावं लागलं असतं. मग मिस्तरींनी काकांना विचारून पेटीच्या खालचा ड्रेन बोल्ट दोन आटे सैल केला. रात्रभर उभा असला की पाणी तळाला बसतं, म्हणून हे सुरू करायच्या आधीच करायचं. तीन-चार थेंब गढूळ आले, मग स्वच्छ ऑइल. पावसाळ्यात एवढं चालतं म्हणे. ऑइल बोटावर घेऊन उन्हाकडं, म्हणजे ऊन नव्हतंच, मोबाइलच्या टॉर्चसमोर धरलं, लोखंडाची चमकी नाही.

स्टॉप ओढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, नुसता सेल्फ मारला. तिन्ही ठोके सारखे, धक-धक-धक, मध्ये एखादा पळाला नाही. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं की तिथं सेल्फ हलका होऊन पळतो, कानाला लगेच कळतं.

मग सुरू केला. दुसऱ्या सेल्फला उठला. पांढरा धूर जरा जास्त वेळ, चार-पाच मिनिटं, मग साफ. ऑइलचा दिवा लगेच विझला, ॲम्पिअरचा काटा चार्जिंगला, टेम्परेचरचा काटा हिरव्यात, तासांचा मीटर ३,८१२ वर बंद पडलेला. काकांना विचारलं कधीपासून बंद, म्हणे "तीन-चार वर्ष झाली असतील, दुरुस्त करून काय करायचंय, तास मोजून का गहू उगवतो". खरं साडेपाच हजार तरी तास झाले असतील असं मी धरतो.

आता टोपणाची गंमत. इंजिन मंद चालू असताना ऑइल भरायचं टोपण काढून तिथंच उलटं ठेवलं. रिंगा गेल्या असतील तर खालून हवा मारते आणि टोपण उडून पडतं. आमचं थरथरलं, टिणटिण वाजलं, जागेवर राहिलं. भोकातून हलकी वाफ, उग्र धूर नाही. मिस्तरी म्हणाले अजून दोन-तीन हंगाम काढेल, मग किट टाका. त्यानंतर त्यांनी पाना घेऊन नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) पाइपचा एकेक नट जरा सैल केला, ज्याचा सैल केला त्या सिलिंडरचं काम थांबतं आणि इंजिनचा आवाज पडायला पाहिजे. पहिल्याला पडला, दुसऱ्याला पडला, तिसऱ्याला कमी पडला. परत केलं, परत कमीच. तिसरं नोझल. ते काढून टेस्टिंगला द्यावं लागणार, मोठं काम नाही, पण वहीत लिहिलं आणि काकांना दिसेल असं लिहिलं.

क्लच: टॉप गिअर, दोन्ही ब्रेक दाबून, क्लच हळू सोडला. इंजिन गपकन बंद. असंच व्हायला पाहिजे, चालू राहिलं असतं तर प्लेट घसरतेय. पीटीओचा शाफ्ट (रोटर फिरवणारा, मागचा) हातानं हलवला, सहा दातांचा, दात चौकोनी आहेत, चाकूसारखे झालेले नाहीत. गिअर टाकून उतारावर रेस सोडून आणला, दुसरा गिअर उडतो का ते बघायला, नाही उडाला. पुढची चाकं जॅकवर घेऊन हलवली, वर-खाली खेळ नाही पण आडवी हलवली तर टाय रॉडचा बॉल खटखट. स्टेअरिंगचा मोकळा फेर चार बोटं. मागचे टायर १३.६ बाय २८, बाजूला छापलेला आकडा १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा, गुट्टी (टायरची नक्षी) अर्धी शिल्लक, भेगा बारीक. पुढचे २०२३ चे.

चेसी नंबर मीच वाचला, चिखल पुसून, घासलेट लावून. आरसीशी अक्षर अन अक्षर जुळवलं. इंजिन नंबर पण. चुलतभाऊ म्हणाला कशाला एवढं, ओळखीचे आहेत. ओळखीचे आहेत म्हणून तर, उद्या नंबर जुळला नाही तर ओळख पण जायची आणि पैसे पण.

काकूंनी पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. भावाचं काही बोललो नाही. जेवल्यावर भाव करायला तोंड उघडत नाही हे त्यांना माहीत असणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

परत गेलो, या वेळेला फक्त हायड्रोलिकसाठी. गार असताना लिफ्ट उचलते ते बघून काही कळत नाही, ऑइल घट्ट असतं. त्यामुळं काकांच्या शेजाऱ्याचा पाच फुटी रोटर जोडला, वाफसा असलेला (अवजार चालेल इतपत सुकलेला) एक तुकडा सापडला तिथं तासभर मारला. मग रोटर पूर्ण वर घेऊन इंजिन बंद केलं आणि पात्याच्या टोकाशी काठी उभी करून खडूची खूण केली.

दहा मिनिटं. आम्ही बांधावर बसलो. कोणी काही बोलेना, चौघंजण एका काठीकडं बघत बसलेले, लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल काय पूजा चाललीय. रोटर खाली येत होता, दिसत नव्हता पण येत होता. दहा मिनिटांनी मोजला, चार बोटं. गार असताना अर्धं बोट आला होता.

मिस्तरींच्या मते लिफ्टच्या सिलिंडरची ओ-रिंग, फार तर व्हॉल्व. पंप चांगला आहे कारण उचलताना अडखळत नाही. पाच हजाराच्या आत काम.

माझी यादी अशी झाली: लिफ्ट ५ हजार, नोझल टेस्टिंग दीड, टाय रॉडचे बॉल दोन, पुढचं सील आणि मजुरी दोन, बॅटरी पाच-साडेपाच, ऑइल फिल्टर सगळं मिळून चार-साडेचार. म्हणजे वीस हजार धरा.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

फोनवर भाव. मी २ लाख ५० म्हटलं, यादी वाचून दाखवली, उद्यापासून नवे स्वस्त होणार तेही सांगितलं. काका शांतपणे ऐकून घेतात आणि मग म्हणतात "पण मी कुठं नवा विकतोय". २ लाख ९०. मग मामा मध्ये पडले. शेवटी २ लाख ६८ ला तुटलं.

मी लगेच म्हटलं संध्याकाळी इसार घेऊन येतो. तर काका म्हणे आज नको, अमावस्या. मी पंधरा दिवस मनातल्या मनात खुश होतो की पितृपक्षात कोणी घेणारं नाही म्हणून भाव पडेल, आणि आता कळलं की पितृपक्षात देणारा पण नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

व्यवहार झाला. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा, त्यात चेसी नंबर, इंजिन नंबर, आणि आजच्या तारखेच्या आधीचा कुठलाही दंड, चलान, कर्ज हे देणाऱ्याचं असं एक कलम घातलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी काकांनी खरंच आणून ठेवली होती, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत २०१४ ची शोरूमची पावती पण. विकणाऱ्यानं १४ दिवसात कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसात अर्ज करायचा असतो, आपल्याकडं लोक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर चालवतात आणि एक दिवस अपघात झाला की मूळ मालकाच्या दारात पोलीस.

२ लाख २८ दिले, ४० हजार आरसी नावावर झाल्यावर. हे आधीच बोललेलं होतं म्हणून कोणाला राग नाही.

विमा आदल्या दिवशीच काढला, निदान थर्ड पार्टी, त्याशिवाय रस्त्यावर आणायचा नाही असं ठरवलं होतं. चांदवडवरून घरी चार तास लागले. वाटेत पावसानं झोडपला.

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूचा हार, नारळ, मोठ्याला आणि मिनीला दोघांना. आजीनं विचारलं हा जुना का रंगवला नाही. वावरात गुडघाभर चिखल, मागचा आठवडाभर पाऊसच. छाटणी पुढं ढकलली. लिफ्टचं आणि नोझलचं काम झालं, लिफ्ट ४,२०० ला पडली. आता रोटर दहा मिनिटात अर्धं बोट पण येत नाही, गरम असताना.

११ ऑक्टोबर, शनिवार

वाफसा आला. टोमॅटोचा प्लॉट मोडलेला तिथं रोटर लावला, सकाळी नऊला. ट्रॅक्टर मस्त ओढतोय, रेस पडत नाही, आण्णा बांधावर उभं राहून बघत होते आणि पहिल्यांदा म्हणाले, "बरा दिसतोय." अकराच्या सुमाराला ऊन तापलं आणि बोनेटच्या फटीतून वाफ. आधी वाटलं धूळ आहे. मग वास आला. काट्याकडं बघितलं, हिरव्यात. म्हटलं मग गरम नाही, पाइप फुटला असेल. बंद केला, टोपणाला हात लावला नाही, तेवढी अक्कल होती, अर्धा तास थांबलो. पाणी निम्मं गेलेलं.

मिस्तरी आले. पुढची जाळी काढली तर रेडिएटरच्या पाकळ्यात कांद्याचं फोलपट, गवताचं बी, माती, गच्च थापून बसलेलं, हवा जायला जागाच नाही. आम्ही रेडिएटरमध्ये पाणी बघितलं, तवंग बघितला, पण समोरची जाळी काढून टॉर्च मारला नाही. आणि त्या दिवशी तासभर जो रोटर मारला तो ढगाळ हवेत, गारव्यात.

मग त्यांनी काट्याकडं बघितलं. इंजिन आता गार झालेलं, किल्ली टाकली, काटा हिरव्यात. सेन्सरची वायर काढली, काटा हिरव्यात. किल्ली काढली, तरी हिरव्यात. काचेवर टिचकी मारली, जागचा हलला नाही.

"पहिल्या दिवशी गार असताना कुठं होता हा?"

वही काढून बघितली. १४ सप्टेंबर, माझ्याच अक्षरात, हेड बर्फासारखं असताना: टेम्परेचरचा काटा हिरव्यात.

मिस्तरींनी बिडी पेटवली, काही बोलले नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रेडिएटर काढून धुऊन आणला, हेड पॅकिंग वाचलंय, ऑइल दुधाळ नाही, पाण्यात बुडबुडे नाहीत. नवं मीटर, नवा सेन्सर, फॅन बेल्ट, नवं कूलंट, सगळे मिळून २,९५०. सकाळी गार असताना किल्ली टाकली, काटा एकदम तळाला. रोटर लावल्यावर वीस मिनिटांनी हिरव्यात आला आणि तिथं थांबला. दुपारपर्यंत प्लॉट संपला. उद्या बाग, छाटणीची माणसं सातला येणार आहेत.

काकांचे ४० हजार बाकी, आरसी अजून यायचीय.